इओसिनोफिल वाढलेले, पण तपासणीत जंत नाही: पहिल्या काही आठवड्यांत शरीर काय करत असतं?

तुमची हकिकत थोडक्यात अशी. महिनाभरापूर्वी अनवाणी मातीत काम केल्यावर पायाला खाज सुटली, पुरळ आलं आणि ते आपोआप गेलं. मग काही दिवस कोरडा खोकला झाला. आता पोटात अधूनमधून कळ येते. रक्ताच्या तपासणीत एकूण पांढऱ्या पेशी ८,००० आणि त्यात इओसिनोफिल १२ टक्के निघाले. डॉक्टरांनी जंतांची शंका घेतली, पण शौचाच्या तपासणीत ना अंडी सापडली ना अळी. म्हणून तुम्ही विचारताय की जंत शिरलाच असेल तर प्रतिकारशक्ती सुरुवातीला नेमकं करते काय, आणि सर्दीचा विषाणू आठवड्याभरात हुसकावून लावणारं शरीर वीतभर लांबीचा जंत वर्षभर का खपवून घेतं.

यात मला दोन प्रश्न दिसतात. रिपोर्टचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा, कारण त्याचं उत्तर तारखांमध्ये आहे. तिकडे शेवटी येते. दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात मात्र एक गृहीतक बसलेलं आहे, की प्रतिकार म्हणजे शत्रूला मारणं. जिवाणूंच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे. जंतांच्या बाबतीत तेच धरून चाललात तर पुढचं काहीच जुळणार नाही. मी बरीच वर्षं परोपजीवींच्या प्रयोगशाळेत काम करते. रुग्णांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघते आणि उंदरांमधल्या संसर्गांवरही काम करते. एवढ्या काळात माझं मत असं झालंय की सुरुवातीच्या दिवसांत शरीर जंताचा हिशेब ठेवतच नाही, ते जखमेचा हिशेब ठेवतं. हे एकदा मान्य केलं की बाकीच्या गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

आधी आकार बघा. जिवाणू एक-दोन मायक्रॉनचा असतो. त्याला गिळणारी न्यूट्रोफिल पेशी बारा-पंधरा मायक्रॉनची. अंकुशकृमीची, म्हणजे हुकवर्मची, त्वचेतून शिरणारी अळी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी लांब असते, आणि माणसाच्या शरीरातली तिची ही सर्वांत छोटी अवस्था. पूर्ण वाढलेला गोलकृमी १५ ते ३५ सेंटिमीटरचा होतो. एखाद्या पेशीने त्याला गिळण्याचा प्रश्नच येत नाही. वरून त्याच्या अंगावर चिवट आवरण असतं आणि वाढताना तो ते चार वेळा बदलतो.

दुसरी गोष्ट संख्येची, आणि तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. जिवाणू सोयीची परिस्थिती मिळाली तर वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतो, त्यामुळे शरीराला घाई करावीच लागते. जंत बहुतेक वेळा आपल्या शरीरात संख्येने वाढत नाहीत. पन्नास अळ्या शिरल्या तर जास्तीत जास्त पन्नास जंत होतील, सहसा त्याहून कमीच. गोलकृमीची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते खरी, पण ती सगळी शौचावाटे बाहेर पडतात आणि मातीत दोन-चार आठवडे मुरल्याशिवाय कुणाला लागण करू शकत नाहीत. म्हणजे इथे शरीरापुढे धोका आहे तो जंत वाढण्याचा नाही. तो हिंडताना जी फाडाफाड करतो तिचा आहे. शिवाय एवढ्या मोठ्या प्राण्याला मारायला जितका दारूगोळा लागेल, तितक्यात आपलंच आतडं आणि आपलंच फुप्फुस खलास होईल. (याला एक भयंकर अपवाद आहे, स्ट्राँगिलॉइडिस नावाचा. त्याच्याबद्दल नंतर.)

पुढे जाण्याआधी एक कबुली देते. मी आता जो क्रम सांगणार आहे त्यातला बराचसा उंदरांवरून कळलेला आहे. कारण साधं आहे: माणसात अळी कोणत्या दिवशी शिरली हे जवळजवळ कधीच कळत नाही. त्याला अपवाद म्हणजे स्वेच्छेने हुकवर्मच्या मोजक्या अळ्या कातडीवर लावून घेणारे प्रयोगातले स्वयंसेवक. त्यांच्यामुळे माणसातल्या तारखा आपल्याकडे आहेत. बाकी कोणता जंत, तो तोंडावाटे आला की कातडीतून, एकदम किती अळ्या आल्या, आधी कधी लागण झाली होती का, वय काय, पोषण कसं, यावर चित्र बदलतं. ‘जंतांविरुद्धची प्रतिकारशक्ती’ अशी एकच एक गोष्ट नाही.

आता पहिला टप्पा, शरीराला पत्ता कसा लागतो. जिवाणूंच्या अंगावर काही ठरावीक रेणू असतात आणि ते ओळखणारे ग्राही आपल्या पेशींवर तयारच असतात. जंतांच्या बाबतीत इतकी सरळ ओळख नाही, कारण तेही आपल्यासारखेच बहुपेशीय प्राणी आहेत. मग शरीर बघतं ते परिणामाकडे. अळी कातडीतून किंवा आतड्याच्या अस्तरातून वाट काढते तेव्हा पेशी फुटतात. या पेशींच्या केंद्रकात आयएल-३३ नावाचं प्रथिन साठवलेलं असतं. पेशी शाबूत असेपर्यंत ते आतच राहतं, पेशी फुटली की बाहेर सांडतं. आजूबाजूच्या पेशींसाठी त्याचा अर्थ एकच: इथे काहीतरी फाटलंय. टीएसएलपी नावाचा असाच आणखी एक इशारा आहे, तो कातडीच्या आणि फुप्फुसाच्या अस्तरातून जास्त येतो.

आतड्यात मात्र या कामासाठी एक खास पेशी आहे, टफ्ट पेशी, आणि तिच्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्या मते या विषयातली गेल्या काही वर्षांतली सर्वांत सुंदर गोष्ट तीच आहे. माथ्यावर केसांचा झुबका असलेली ही पेशी सूक्ष्मदर्शकाखाली १९५० च्या दशकापासून दिसत होती. निरोगी उंदराच्या लहान आतड्याच्या अस्तरात शंभर पेशींमागे एखादीसुद्धा नसते. तिचं काम काय हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. २०१६ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवलं की आतड्यात आयएल-२५ हा इशारा देणारी पेशी हीच. गंमत म्हणजे तिच्यात जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशींसारखीच यंत्रणा असते. आतड्यात काय आलंय याची ती अक्षरशः चव घेते. आतड्यात राहणारे काही एकपेशीय जीव सक्सिनेट नावाचं आम्ल सोडतात, ते ती एका ठरावीक ग्राहीवर ओळखते. तो ग्राही नसलेल्या उंदरांमध्येही जंतांविरुद्धची तिची प्रतिक्रिया उमटतेच, म्हणजे जंताचा सुगावा लागण्याची तिची वाट वेगळी आहे.

हे इशारे ऐकणाऱ्या पेशींचं नाव आयएलसी-२. यांची नीट ओळख पटली २०१० मध्ये. कातडी, फुप्फुस, आतडं, जिथे जिथे शरीर बाहेरच्या जगाला टेकतं तिथे त्या आधीपासून मुक्काम ठोकून असतात. टी पेशींसारखं एखाद्या विशिष्ट शत्रूला ओळखणं त्यांना जमत नाही आणि त्यांना त्याची गरजही नाही. आयएल-३३, आयएल-२५ किंवा टीएसएलपी येऊन थडकलं की त्या आयएल-५ आणि आयएल-१३ हे निरोप पोचवणारे रेणू ओतू लागतात. शिकाऊ उमेदवारीत आठवडा घालवावा लागत नाही, म्हणून पहिले काही दिवस किल्ला याच लढवतात. मज्जातंतूसुद्धा या कामात असतात. न्यूरोमेडिन-यू नावाचं रसायन सोडून ते आयएलसी-२ ला जागं करतात, हे २०१७ मध्ये दिसून आलं.

आयएल-१३ जे करतं तिथे सगळ्या गोष्टीची मेख आहे. ते आतड्याच्या खळग्यांमधल्या मूलपेशींवर काम करतं आणि नव्या पेशी कोणत्या घडवायच्या हेच बदलून टाकतं. आता टफ्ट पेशी जास्त जन्मतात आणि चिकट स्राव करणाऱ्या गॉब्लेट पेशीही जास्त जन्मतात. टफ्ट पेशी वाढल्या की आयएल-२५ वाढतं, त्याने आयएलसी-२ आणखी चेततात, त्यांच्यामुळे आयएल-१३ आणखी वाढतं. असं हे चक्र आठवड्याभरात टफ्ट पेशींची संख्या कित्येक पटींनी वाढवतं. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतंच असतं. शरीर या रोजच्याच कामाचा फायदा घेतं आणि बघता बघता जंताच्या पायाखालची जमीन बदलते.

दरम्यान दुसरी, सावकाश चालणारी यंत्रणा हलू लागते. डेन्ड्रायटिक पेशी जंताच्या स्रावांचे अंश उचलून जवळच्या लसीकाग्रंथीत नेतात. तिथे टी पेशींपैकी टीएच-२ प्रकारच्या पेशी तयार होतात. उंदरात याला साधारण पाच ते आठ दिवस लागतात. त्या आयएल-४, आयएल-५, आयएल-१३ हेच रेणू बनवतात, पण जास्त आणि दीर्घकाळ, आणि त्यांना आठवण राहते. आयएल-४ मुळे बी पेशी आयजीई जातीची प्रतिपिंडं बनवू लागतात. ही प्रतिपिंडं मास्ट पेशींवर जाऊन चिकटतात. पुढच्या वेळी तोच जंत आला की मास्ट पेशी क्षणात हिस्टामिन सोडतात. तुम्हाला हे सगळं ॲलर्जीसारखं वाटत असेल तर बरोबर वाटतंय, यंत्रणा तीच आहे. ॲलर्जीत ती भलत्याच गोष्टीवर उगारली जाते, एवढाच फरक.

मग जंताचं होतं काय? आतड्यात तिहेरी मारा होतो. गॉब्लेट पेशी दाट स्राव ओततात, आतड्याच्या पोकळीत पाणी झिरपतं, आणि आतड्याचे स्नायू जोराने आकुंचन पावू लागतात. तुमची पोटातली कळ यातूनच आलेली असू शकते. स्राव नुसता वाढत नाही, त्याची जातही बदलते. चाबूककृमीची लागण झालेल्या उंदरांच्या आतड्यात एमयूसी५एसी नावाचं म्युसिन, म्हणजे स्रावाला चिकटपणा देणारं प्रथिन, दिसू लागतं, जे एरवी श्वासनलिका आणि जठरात असतं. हे एकच म्युसिन नसलेल्या उंदरांत बाकीचा प्रतिसाद जोरदार असूनही जंत हटत नाहीत, हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. मला स्वतःला हा निकाल फार बोलका वाटतो. इतक्या पेशी, इतके रेणू, आणि शेवटी गाडी अडते ती चिकट स्रावाच्या एका घटकापाशी.

चाबूककृमीचा आणखी एक मुद्दा. तो आपलं बारीक पुढचं टोक अस्तराच्या पेशींमध्येच शिवल्यासारखं रुतवून बसतो. नुसत्या स्रावाने तो कसा जाणार? शरीर अस्तराच्या पेशी वर सरकण्याचा आणि गळून पडण्याचा वेग वाढवतं. रुतलेली खुंटी निघत नसेल तर खुंटीशी झटापट करण्याऐवजी भिंतीचा गिलावाच उतरवून टाकावा, तसलं हे काम आहे.

उंदरांवरच्या प्रयोगांत सर्वांत जास्त वापरला जातो तो निप्पोस्ट्राँगिलस हा मुळात उंदीर-घुशींचा जंत. त्याची अळी कातडीतून शिरते, एक-दोन दिवसांत फुप्फुसात पोचते, तिथून घशात येऊन गिळली जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतड्यात असते. दहाव्या दिवसाच्या आसपास आतडं बहुतेक रिकामं झालेलं असतं. हुकवर्मचा माणसातला प्रवासही याच वळणाचा आहे: कातडी, रक्त, फुप्फुस, घसा, आतडं. फरक शेवटात आहे. माणसातला हुकवर्म दहा दिवसांत जात नाही, तो वर्षानुवर्षं राहू शकतो.

फुप्फुसाच्या टप्प्याकडे जरा थांबून बघायला हवं, कारण ‘जखमेचा हिशेब’ तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. अळ्या केशवाहिन्या फोडून हवेच्या पिशव्यांमध्ये घुसतात. रक्तस्राव होतो, न्यूट्रोफिल धावून येतात आणि त्यांच्यामुळे नुकसान आणखी वाढतं. त्याच वेळी आयएल-४ आणि आयएल-१३ मॅक्रोफेज पेशींचा स्वभाव पालटतात. एरवी गिळून जाळणाऱ्या या पेशी आता आर्जिनेज नावाचं विकर बनवतात, उतींची डागडुजी करतात आणि दाह आवरतात. उंदरांमध्ये हे आयएल-४ आणि आयएल-१३ चं संदेशवहन बंद पाडलं तर फुप्फुसातला रक्तस्राव लवकर आटोक्यात येत नाही. म्हणजे ज्याला आपण जंतांविरुद्धचा प्रतिसाद म्हणतो, त्याचा निदान अर्धा भाग शिवणकाम आहे. तुमचा तो कोरडा खोकला याच टप्प्यातला असणं अगदी शक्य आहे. फुप्फुसात येऊन जाणारे डाग आणि रक्तात वाढलेले इओसिनोफिल ही जोडी लोफलर या स्विस वैद्याने १९३२ मध्ये वर्णन केली. आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

हेच मॅक्रोफेज दुसऱ्या लागणीत वेगळं रूप दाखवतात. आधीची आठवण असलेल्या टीएच-२ पेशी असल्या तर आतड्याच्या भिंतीत शिरलेल्या अळीभोवती ते कोंडाळं करतात आणि तिला तिथेच जखडतात. पहिल्या वेळी हे सहसा जमत नाही.

आता इओसिनोफिल, कारण तुमचा सगळा जीव त्या १२ टक्क्यांत अडकलाय. आयएल-५ अस्थिमज्जेला इओसिनोफिल बनवायला लावतं, म्हणून ते रक्तात वाढतात. त्यांच्या कणांमध्ये जहाल प्रथिनं असतात आणि शिस्टोसोमा या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या जंताच्या, प्रतिपिंडांनी माखलेल्या कोवळ्या अळ्यांना ते काचेच्या बशीत मारतात, हे १९७० च्या दशकातच दिसलं होतं. त्यावरून ‘इओसिनोफिल म्हणजे जंतमार पेशी’ हे वाक्य पुस्तकांत रुळलं. जिवंत प्राण्यात चित्र एवढं साफ नाही. इओसिनोफिल नसलेले उंदीरही काही जंतांची पहिली लागण तितक्याच वेळात निपटतात. ट्रायकिनेला या स्नायूंत घर करणाऱ्या जंताच्या बाबतीत तर उलटंच निघालं: इओसिनोफिल असले की पहिल्या लागणीत त्याच्या अळ्या स्नायूंत जास्त तगतात. म्हणून मी इओसिनोफिलचा आकडा ‘किती सैनिक लढताहेत’ असा वाचत नाही. ‘उतींमध्ये कुणीतरी हिंडतंय किंवा शरीराला तसं वाटतंय’ एवढंच त्यातून वाचते.

एवढं सगळं होऊनही माणसातला जंत टिकतो कसा? दोन कारणं मला महत्त्वाची वाटतात.

पहिलं, जंत नेमका या धोक्याच्या इशाऱ्यांवरच घाव घालतो. उंदराच्या आतड्यात दीर्घकाळ राहणाऱ्या हेलिग्मोसोमॉइडिस या जंताच्या स्रावात एक प्रथिन आहे. ते एका बाजूने आयएल-३३ ला धरतं आणि दुसऱ्या बाजूने मेलेल्या पेशीच्या डीएनएला. परिणाम असा की पेशी फुटली तरी आयएल-३३ केंद्रकातच डांबून राहतं. त्याच जंताचं दुसरं एक प्रथिन आयएल-३३ च्या ग्राहीलाच बंद करतं. तिसरं आपल्याच टीजीएफ-बीटा या शांत करणाऱ्या रेणूची बेमालूम नक्कल करतं. घडणीत ते त्याच्याशी मुळीच साम्य दाखवत नाही, पण बसतं त्याच ग्राहींवर, आणि टी पेशींना आवर घालणाऱ्या नियामक पेशी तयार करवतं. शरीर जखमेवर नजर ठेवतं हे जंताला, म्हणजे त्याच्या उत्क्रांतीला, आपल्या आधी कळलेलं होतं म्हणायचं.

दुसरं कारण मात्रेचं. चाबूककृमीची भरपूर अंडी उंदराला एकदम दिली तर टीएच-२ प्रतिसाद उठतो आणि जंत बाहेर पडतात. त्याच जातीच्या उंदराला मोजकीच अंडी दिली तर प्रतिसाद टीएच-१ कडे, म्हणजे विषाणू-जिवाणूंना साजेशा दिशेने झुकतो आणि जंत मुक्कामाला राहतात. प्रत्यक्ष आयुष्यात लागण थोडी थोडी, पुन्हा पुन्हा होते. अशा ठिबक लागणीत प्रतिकार येतो, पण सावकाश. माणसांत गोलकृमी आणि चाबूककृमीचा भार शाळकरी वयात सर्वांत जास्त दिसतो आणि पुढे उतरतो. हुकवर्मचा मात्र वयाबरोबर वाढत मोठेपणीही टिकतो. म्हणजे ‘मोठेपणी प्रतिकारशक्ती येते’ हे सरसकट विधानही खरं नाही.

यावरून लगेच ‘मग हा प्रतिसाद औषधाने किंवा लशीने जोरदार करावा’ असं वाटतं. हुकवर्मविरुद्धच्या एका लशीचा अनुभव इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. अळीच्या एका प्रथिनावर बेतलेली ती लस ब्राझीलमध्ये, जिथे हुकवर्म आधीपासून होता, अशा भागातल्या स्वयंसेवकांना दिली. काहींच्या अंगावर लगेच पित्त उठलं आणि चाचणी थांबवावी लागली. जुन्या लागणीमुळे त्यांच्या शरीरात त्या प्रथिनाविरुद्धचं आयजीई आधीच तयार होतं. त्यामुळे ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ गोळ्या घ्याव्यात का असं विचाराल, तर माझं उत्तर ठाम ‘नाही’ असं आहे. इथे वाढवण्यासारखं काही कमी पडलेलं नाही.

आता तुमचा रिपोर्ट. टक्केवारी बाजूला ठेवून प्रत्यक्ष संख्या काढा: ८,००० चे १२ टक्के म्हणजे ९६०. साधारण ५०० पर्यंत आपण नेहमीचं मानतो आणि १,५०० च्या पुढे गेलं की जास्त खोलात जातो. तुमचा आकडा मध्ये आहे: खरा वाढलेला, पण घाबरवणारा नाही. दमा, ॲलर्जी, काही औषधं यांनीही एवढा वाढतो. अमीबा किंवा जिआर्डिया या एकपेशीय जीवांनी तो सहसा वाढत नाही. मुलांमध्ये सर्रास आढळणारे, गुदद्वाराशी खाज आणणारे बारीक जंतही तो फारसा वाढवत नाहीत, कारण ते उतींमध्ये हिंडत नाहीत.

तारखा अशा बसतात. हुकवर्मच्या स्वयंसेवकांमध्ये इओसिनोफिल पहिल्या महिन्यात चढू लागले आणि साधारण पाचव्या ते नवव्या आठवड्यांत शिखरावर पोचले. अळी आतड्यात पोचून, वाढून, मादी अंडी घालू लागेपर्यंत निदान पाच आठवडे जातात, बऱ्याचदा जास्त. गोलकृमीला दोन ते तीन महिने लागतात. शौचाच्या तपासणीत आपण शोधतो ती अंडी. तुमच्या खाजेपासून चारच आठवडे झालेत. तेव्हा जंत असला तरी त्याची अंडी अजून नसणार. रक्त होकार देतंय आणि शौच नकार, हा विरोधाभास नाही. लागण ताजी असेल तर असंच दिसायला हवं. जुन्या लागणीत बरेचदा उलटं असतं: भरपूर अंडी आणि जवळजवळ शांत रक्त.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? खाजेपासून आठ-दहा आठवडे झाले की वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने तपासून घेतले असते, कारण अंडी रोज सारखी पडत नाहीत. आताच गोळी घ्यायची की थांबायचं हे तुम्हाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं. आता घेतली तर एक लक्षात ठेवा: अल्बेन्डाझोलसारखी नेहमीची औषधं आतड्यातल्या जंतांवर चांगली चालतात, फुप्फुसातून प्रवास करणाऱ्या अळ्यांवर त्यांचा तेवढा भरवसा नाही. म्हणून लवकर घेतलेल्या गोळीनंतरही पुन्हा तपासणी हवीच. एकूण आयजीई मोजून फारसं काही हाती लागत नाही, तो ॲलर्जीतही वाढलेला असतो.

आणि आता तो अपवाद. स्ट्राँगिलॉइडिसही अनवाणी पायातूनच शिरतो, तशीच खाज आणि तसाच खोकला आणतो, पण त्याच्या अळ्या शरीराबाहेर न पडता आतड्यातूनच किंवा गुदद्वाराजवळच्या कातडीतून पुन्हा आत शिरू शकतात. त्यामुळे लागण दशकानुदशकं चालू राहते, आणि शौचाच्या साध्या तपासणीत तो सहज निसटतो. एरवी वर सांगितलेला सगळा प्रतिसाद त्याला जेमतेम काबूत ठेवतो. अशा माणसाला दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या की तो आवर सुटतो, अळ्या बेसुमार वाढतात, आतड्यातले जिवाणू सोबत घेऊन शरीरभर पसरतात, आणि यातून मृत्यू येऊ शकतो. अशा वेळी इओसिनोफिल वाढलेले असतीलच असं नाही, बऱ्याचदा ते नसतातच. तुमचा खोकला दम्याचा समजून कुणी स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या, तर त्या सुरू करण्याआधी अनवाणी कामाबद्दल आणि या १२ टक्क्यांबद्दल आठवणीने सांगा, आणि स्ट्राँगिलॉइडिससाठी रक्तातली प्रतिपिंडांची तपासणी करता येईल का हे विचारा. ती तपासणी पॉझिटिव्ह आली तर औषध अल्बेन्डाझोल नसेल, आयव्हरमेक्टिन असेल.